हिरा खिंडीत मागं का राहिली

आमच्याकडे एक गोष्ट जवळजवळ दर रविवारी सांगितली जाते. सांगते माझी बायको, ऐकतात नव्यानं सायकल घेतलेल्या बायका, आणि एखादीच्या डोळ्यांत पाणीही येतं. ती गोष्ट खरी नाही. म्हणजे — हिरा खोटं बोलत नाही, तिला जे माहीत आहे तेच ती सांगते. पण तसं घडलेलं नाही, आणि हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे. आजवर ओठांवर आलं तेव्हा तेव्हा गिळलं. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? — ते विचारू नका, मलाही धड सांगता यायचं नाही.

थोडी लांबण लावतो, सांभाळून घ्या. विश्रामबागेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर बसून काम. चाळिशी उलटली आणि पोट काउंटरला टेकायला लागलं, तेव्हा मी जाड चाकांची, डोंगरात चालवायची सायकल घेतली. हिरानं ती दारात बघितली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आवं, ही चाकं हायत का ट्रॅक्टरची उरलेली दिलीत तुमाला?"

हसली ती, पण मला त्या सायकलनं लळा लावला. रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण पिकअपमध्ये सायकली टाकून शिराळ्याच्या बाजूला जायचो. कालव्याच्या कडेनं मुरमाचा रस्ता — डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऊस. गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात जायचा. धुणं धुणाऱ्या बायका "पडशीला रं, कॅनॉलात पडशीला!" म्हणून ओरडायच्या. पुढे कालवा सोडून वाट वनखात्याच्या जंगलात शिरते. ऐन, हिरडा, करवंदाच्या जाळ्या, चाकाखाली वाळक्या पानांचा चुरा. आणि मग खिंडीचा चढ.

त्या चढावर मी पाय टेकत नसे. एवढीच माझी कमाई. हळू का होईना, धापा टाकत का होईना, पण सायकलवरून न उतरता मी वर पोचायचो. आमच्यात फक्त दोघांना ते जमायचं — एक सुभेदार, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आमचे म्होरके, आणि दुसरा मी. दुकानात गिऱ्हाईक काचा बघत असलं तरी मी हा विषय कसाबसा काढायचोच. हसताय ना? हसा. पण असं एखादं मखर तुमच्याही घरात असेलच की.

आता हिराबद्दल. ती आटपाडीकडची. घरात मेंढरं. लहानपणी दिवाळी झाली की सगळं घर मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, आणि ही पोरगी कोकरू काखेत धरून घाटच्या घाट चालायची. लग्नानंतर मात्र फ्लॅट, मुलीचे डबे, लिफ्ट. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर मोकळं पडलं, तेव्हा मीच म्हणालो, चल, तुला सायकल शिकवतो. हे मी केलं, बरं का. चांगलं काम केलं. तेवढं माझ्या नावावर असू दे.

शाळेच्या मैदानावर मी सीट धरून मागं पळायचो. ती पडायची, उठायची, कपडे झटकायची आणि सायकललाच शिव्या द्यायची. पावसाळा सरेपर्यंत ती कालव्यावर यायला लागली. दिवाळीपर्यंत माझ्या बरोबरीनं चालवायला लागली. मला अभिमान वाटायचा — खरंच वाटायचा, ते नाटक नव्हतं.

मग एका रविवारी कालव्याच्या सपाट रस्त्यावर तिनं मला मागं टाकलं. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली आणि खिदळत निघून गेली. पुढच्या पुलावर सगळे थांबले होते. आमच्यातला एक जण म्हणाला, "गड्या, आता तू वैनीच्या मागं डबलशीट बसत जा." सगळे हसले. हिरा सगळ्यांत जास्त हसली. मीही हसलो. चष्मेवाल्याला हसरं तोंड ठेवायची सवय असते.

पण ते आत कुठंतरी रुतलं. रुतावं का? बायको पुढं गेली तर नवऱ्याचं काय जातं? काही जात नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी तिच्या सायकलकडे वाकड्या नजरेनं बघायला लागलो. पौषात आमचा सगळ्यांचा खिंडीचा फेरा ठरला होता. हिराचा पहिलाच. सुभेदार म्हणाले, "भाभी तो ऊपर तक नॉनस्टॉप जाणार, लिहून घ्या." मला झोप लागेना. सगळ्यांच्या देखत, माझ्याच चढावर —

बघा, इथं येऊन अडखळलो. आता सांगतोच.

जंगलाच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे. सगळे चहा घेत होते, सायकली पलीकडे कालव्याच्या कट्ट्याला टेकवलेल्या. मी कप हातात घेऊन सायकली बघतोय असं दाखवत तिकडे गेलो. माझ्या खिशात कायम चष्म्याच्या स्क्रूचा बारका पेचकस असतो. मी खाली वाकलो. हिराच्या सायकलच्या व्हॉल्व्हची टोपी काढली, पेचकसाच्या टोकानं आतली पिन दाबली. फुस्स. आधी मागच्या चाकाची, मग पुढच्या. पूर्ण नाही — नजरेत भरणार नाही, पण चढावर सायकल चिखलात रुतल्यासारखी ओढेल, एवढीच. किती काढायची ते मला बरोबर कळत होतं, कारण तिच्या चाकात दर आठवड्याला हवा मीच भरायचो. म्हणून तर तिनं कधी चाक दाबून बघितलं नाही. तिला तशी गरजच वाटली नाही.

टोप्या परत लावल्या. चहा संपवला. गोड होता, तेही लक्षात आहे.

चढ सुरू झाला. थोडा वेळ ती नेटानं आली. मग मागं पडायला लागली. एका वळणावर मी तिच्या शेजारून गेलो. घामानं निथळत होती. म्हणाली, "आवं, पाय तर दुखत न्हाईत. मग सायकल येवढी जड का लागतीय वो?"

एवढा सरळ प्रश्न! तेव्हाच उतरून तिची माफी मागता आली असती. मी म्हणालो, "चढ आहे. पहिल्यांदा असंच होतं. दमानं ये." आणि पायडल मारत पुढं गेलो. पाय न टेकता खिंडीत पोचलो. आयुष्यात इतका सोपा चढ कधी चढलो नव्हतो.

ती सगळ्यांच्या शेवटी आली. सायकल ढकलत, केसांत पानं, तोंड लालभडक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हसून हात जोडले आणि झऱ्यावर तोंड धुवायला गेली. बराच वेळ तिथंच, आमच्याकडे पाठ करून बसली.

मग मला वेगळीच भीती वाटली. पुढं उतार होता, दगडगोट्यांचा. तसल्या चाकांवर ती पडली असती. मी पंप काढला आणि हवा भरायला लागलो. काढायला काही लागलं नव्हतं. भरताना मात्र घाम फुटला. सुभेदारांनी बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास! घरवालीच्या गाडीचं असं बघणारा आदमी पायजे." मी मान हलवली. शाबासकी घेतली, राव! तीही सोडली नाही.

उताराला तिची सायकल पाण्यासारखी पळाली. तिला त्याचंही नवल वाटलं नाही. उतार म्हटल्यावर पळणारच.

घरी आल्यावर तिनं हेल्मेट खुंटीला अडकवलं. "माझ्यानं न्हाई व्हायचं आता," म्हणाली. "मेंढरांमागं चालणारी हिरा येगळी व्हती." मग तिनं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट चांगला आला, तरी हिचा विश्वास बसेना. खारीक-खोबरं सुरू झालं, नाचणीची आंबील सुरू झाली, आणि बीट — रोज बीट. कोशिंबिरीत बीट, थालीपिठात बीट, एकदा तर शिऱ्यात बीट. तो लालभडक शिरा मी मुकाट्यानं खाल्ला. मंडईतून बीट आणायचोही मीच, चांगलं निवडून. तिच्या अंगात ताकद कमी आहे, या गोष्टीला मी रोज पिशवीभर पुरावा आणत होतो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी बोललो नाही.

सगळा उन्हाळा तिची सायकल गॅलरीत उभी. मी रविवारी जायचो आणि कंटाळून परत यायचो. कालव्यावरून जाताना बायका विचारायच्या, "आवं, आमची वैनी कुठं हाय?" खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारायचा, पण ते कुणाला दाखवणार? पाठीवर थाप मारायलाही कुणी नाही. चढावर पाय टेकला नाही, हे सांगायलाही मजा येईना.

तिची सायकल परत बाहेर निघाली ती माझ्या कुठल्याही कर्तबगारीनं नाही. एका सकाळी उठलो तर गॅलरी रिकामी. तास-दीड तासानं दारात आली, चिखलानं माखलेली. "बसून बसून बीट किती खायचं?" म्हणाली. त्यानंतर ती रोज एकटीच जायला लागली. हवा स्वतः भरायला शिकली — पंक्चर काढायलाही.

पुढच्या पौषात ती खिंडीत सगळ्यांच्या आधी पोचली. सुभेदारांच्याही आधी. आणि मी? मी दोनदा पाय टेकला. एकदा तर चक्क दगडावर बसलो. वर्षभर ज्याला घाबरत होतो ते घडलं होतं, आणि काय सांगू तुम्हाला, कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं! कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. वरून फक्त हिराचा आवाज आला, "आवं, दमानं या! आमी भडंग ठेवलाय तुमच्यासाठी!" भडंग खाल्ला. कांदा, कोथिंबीर, लिंबू — झकास होता. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की सांगूनच टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. आणि त्यात आणखी एक बकाणा भरला.

आता हिरा बायकांचा स्वतंत्र गट घेऊन जाते. मी मागं राहून कुणाची चेन निसटली, कुणाचा ब्रेक घासतोय, ते बघतो. आनंदाचे दिवस आहेत, खोटं कशाला सांगू? मागच्या महिन्यात एक नवीन बाई कालव्याच्या कट्ट्यावर बसून रडायला लागली. "मला नाही जमणार ताई, सगळ्या पुढं गेल्या." हिरा तिच्या शेजारी बसली आणि तिनं ती गोष्ट सांगितली. "मी तर पैल्या खेपेला सायकल ढकलतच खिंडीत गेले व्हते. अंगात ताकदच न्हवती. पर हे वर माझ्यासाठी थांबले. येक शब्द वाकडा न्हाई. असं मानूस मागं असलं ना, की बाईला सगळं जमतंय."

त्या बाईनं डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. फार आदरानं बघितलं. हिराही बघत होती.

मी म्हणालो, "चला, ऊन वाढायला लागलं."

त्या उठल्या, सायकलींवर बसल्या आणि गप्पा मारत निघाल्या. मी नेहमीसारखा मागून.

हिरा तो चढ पहिल्याच खेपेला, पाय न टेकता, माझ्या आधी चढली असती. मला ते त्या दिवशी खाली टपरीवरच माहीत होतं. म्हणूनच मी वाकलो.