मामांची गादी

दिवसातला निम्मा वेळ आडवा असूनही आमच्या मामेसासऱ्यांइतका ताठ माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. कारखान्यातून रिटायर होऊन इंद्रपुरीत स्थायिक झालेले, आणि कमरेच्या मणक्यातली गादी झिजल्यापासून बगलेत चटई मारून हिंडणारे. कोलार रोडला साखरपुडा होता, तर हे थेट स्टेजसमोर चटई पसरून मोकळे. निजल्या निजल्या व्याह्यांची विचारपूस करायची, वर हॉलच्या छताला नावं ठेवायची. शिंकेचा हिसका बसू नये म्हणून आधी भिंत धरायची. भिंत लांब असली तर जवळ असेल त्याला मिठी. त्या दिवशी ती भटजींना बसली.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. मामांनी साफ नकार दिला. "गादी काढून टाकायची नसते सूनबाई, भरायची असते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. झिजलेल्या गादीत सुईने जेल भरण्याचे प्रयोग चाललेत, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं आणि घरी येणाऱ्याची खैर राहिली नाही. ग्लासभर पाण्यात सब्जा टाकून तो फुगेपर्यंत पाहुण्याला समोर बसवायचे. "देखो, पाणी कसं धरून ठेवतंय. जेल भी यही करेगा." मग तोच ग्लास त्याला प्यायला लावायचे. एव्हाना मामांचा डावा पाय बधिर होऊ लागला होता. मी भांडले, रडलेही. हा हट्ट अंगाशी येणार, हे मला दिसत होतं. मामा उलट मलाच म्हणायचे, जरा कळ सोस.

अखेर शहरातल्याच एका हॉस्पिटलात त्या जेलची चाचणी सुरू झाली. मामा दाढी करून, नवा सदरा घालून निघाले. डॉक्टर तरुण होता, पण समजूतदार. एमआरआय बराच वेळ पाहून तो मामांच्याच भाषेत बोलला. "बाबूजी, गद्दी का कवर ही फट चुका है. भरें किसमें? ये तो उनके लिए है जिनकी गद्दी अभी घिसनी शुरू हुई है." आता ऑपरेशन केलं तरी पायातली गेलेली ताकद परत येईलच असं नाही, हेही त्याने हळूच सांगितलं.

मामा हसले. कुणाच्या तरी कामी येईल, म्हणाले, आणि उठले.

बाहेर पडताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. त्यांना पत्ताच नव्हता. उन्हाने तापलेल्या फरशीवर तो उघडा पाय तसाच ओढत ते चालले होते. "मामा, थांबा जरा," म्हणत मी चप्पल उचलली, खाली बसले आणि त्यांच्या पायात घालू लागले. वाकून बघता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं मी पाया पडतेय. आशीर्वादाचा हात वर धरून ते म्हणाले,

"सुखी राहा, सूनबाई. आज काय विशेष?"

चप्पल घालून झाली तरी मी तशीच त्यांच्या पायावर हात ठेवून बसले.