मशीनवरचा हिरवा पुडा

तैवानातल्या जियायी शहराच्या इस्पितळात स्ट्रेचर ढकलणाऱ्या किम-ह्वे मावशीची शाळा चौथीतच सुटली. पण सत्तावीस वर्षं माणसं ढकलून ती एक विद्या शिकली होती. माणूस कसा डुलतो यावरून आत काय बिघडलंय ते ओळखायची. शिकलेल्यांना हे झोंबायचं. झोंबू दे.

एके दुपारी देवळाच्या जेवणावळीतून थो-सेंग आचाऱ्याला आणलं. डोकं गरगरलं, सूपची पळी त्याने पुजाऱ्याच्या टोपीत ओतली आणि भडाभडा ओकला. पंगत पोट धरून हसली. डॉक्टर शूंनी लांबूनच कागदावर 'दारू' लिहिलं.

मावशीने तोंडाचा वास घेतला. नुसतं आलं. मग स्वतःच्या नाकाला बोट लाव म्हणाली. थो-सेंगने ते तिच्या नाकात घातलं.

"हा प्यालेला नाही. प्यालेल्याला निदान स्वतःचं नाक सापडतं."

"मावशी, तुम्ही चाकं सांभाळा."

तिने चाकं सांभाळली. स्ट्रेचर डॉक्टरांच्या दारात आडवं लावलं आणि ब्रेक दाबला. पाचव्या मिनिटाला मेंदूच्या स्कॅनच्या कागदावर सही मिळाली.

तिकडे मशीनवाला आ-ल्यांग अडून बसला. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर ठेवायचा मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा कालच शिळा झाला होता. मागे असंच झालं तेव्हा मशीन तीनदा बंद पडलं होतं. दुकानात फक्त पिवळे पुडे, आणि पिवळा ठेवला की मशीन संपावर जातं हे तैवानात कुणालाही विचारा. वाद घालण्यात वेळ गेला असता. मावशीने डॉक्टरांच्या लिफ्टवर ठेवलेला तसलाच हिरवा, ताजा पुडा उचलून आणला.

मशीन गुणी बाळासारखं चाललं. मागच्या लहान मेंदूत पांढराशुभ्र डाग, सव्वातीन सेंटिमीटर. स्कॅनमध्ये पांढरं म्हणजे ताजं रक्त. आणखी तासभर थो-सेंग कोपऱ्यात पडला असता तर सुजेने श्वासच थांबला असता, असं म्हणत सर्जन त्याला थेट शस्त्रक्रियेला घेऊन गेले.

डॉक्टर शू तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले होते. दोन तास.

तीन महिन्यांनी थो-सेंग काठी टेकत, डावीकडे झुकत, चिकट भाताचा डबा घेऊन आला. मावशीने आधी डबा बाजूला ठेवला.

"नाक दाखव."

बोट थरथरलं, गालावरून फिरून आलं आणि त्याच्याच नाकावर टेकलं. मग मावशी जेवायला बसली.

डॉक्टर शू हल्ली जिन्याने येतात. आणि वास घेऊनच लिहितात.