रडार आली

१० डिसेंबर. राकेलच्या बोळ्याने खिडकीची गंजलेली जाळी घासत होते आणि एकदम एकाहत्तरची लढाई आठवली. भाऊ दत्तू सीमेवर होता आणि मी औरादजवळच्या आमच्या गावात नुकतीच मास्तरीण झाले होते.

त्या दुपारी शेजारचा बसण्णा माळावरून ओरडत आला, "अक्का, रडार आली! रडार आली!" त्याच्या कानडी तोंडात प्रत्येक वस्तू बाई व्हायची. आईने ऐकलं, तार आली. लढाईत फौजेची तार म्हणजे एकच बातमी. तिच्या हातातलं सूप पडलं, ज्वारी अंगणभर झाली.

"तार न्हाई गं, रडार! लांबची इमानं दिसायचं यंत्र!" मी सांगून थकले. शेवटी तिला माळावर नेलं. लष्करी ट्रकवर भलीमोठी लोखंडी जाळी फिरत होती, जनरेटर धडधडत होता.

आईने पहारेकऱ्याला विचारलं, "बेटा, इसमें मेरा दत्तू दिखता क्या?"

"नहीं अम्मा, सिर्फ हवाई जहाज."

घरी आल्यावरही ती दाराकडेच बघत बसली. सायकलची घंटी वाजली की उठायची. मी चिडले, "आता कामून घाबरायलीस? तार आली न्हाई ना!"

"आज न्हाई आली," ती म्हणाली.

तेव्हा तो मला नुसता हट्ट वाटला. यंदा माझा मुलगा फौजेत गेला आणि दाराशी कुणी थांबलं की माझाही हात थांबतो.

पण तेव्हाही, रडार पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेआधी मी टपाल कचेरीत गेले आणि पोस्टमनला बजावलं, "आमची तार आली तर घरी न्यायची न्हाई. शाळेत, माझ्या हातात द्यायची."