नायकाची किंमत दोन

नेरजवळच्या तांड्यातली शीला राठोड लहानपणी शाळेत कमी आणि बोरीच्या झाडावर जास्त दिसायची. तीच पुढे डी.एड. करून त्याच शाळेत मॅडम म्हणून आली. खोड्यांची खोड मात्र झाडावरून उतरली नाही.

पाढे म्हटले की पोरांना तहान लागायची, लघवी लागायची. पण चिप्सच्या पुड्यात निघणाऱ्या पैलवानांच्या कार्डांवर तीच पोरं जीव टाकायची. मग शीलाने जुन्या लग्नपत्रिका कापून तांड्यातल्याच माणसांची, जनावरांची कार्डं केली. गणित सोडवलं की कार्ड मिळायचं, मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चालायची. कोणाला किती आकडा, ते पोरं ठरवायची. कार्डावरच्याचं वागणं सुधारलं तर त्याचा आकडा वाढायचा. रामीबाईच्या बकरीने कुंपण ओलांडून डस्टर खाल्लं, तिला नऊ. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, गुलाबसिंगला दोन. दिवसभर ओट्यावर लोळणाऱ्या त्याच्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याला शून्य.

नायक शाळा समितीचा अध्यक्षही होता. फेटा सावरत तो थेट वर्गात आला.

"काहून वं शीला, मी दोन अन् रामीची बकरी नऊ?"

हा खेळ आजपासून बंद, असं त्याने बजावलं. पोरं आत्ता कुठे आपणहून पाढे म्हणू लागली होती. तरी चेहरा साळसूद ठेवून शीला म्हणाली, करा बंद, पण काका, आधी एक डाव तर खेळून पाहा.

तिसरीतला बादल समोर बसला. शीलाने नियम सांगितला: एरवी कार्डांची बेरीज करायची, पण रांगेत नायक आला की सगळ्यांचा गुणाकार. शिवाय समोरच्याच्या रांगेत आपलं एक कार्ड घुसवता येतं.

गुलाबसिंगने बकरीशेजारी स्वतःला ठेवलं. बोटांवर हिशेब केला आणि "अठरा!" म्हणून निवडणूक जिंकल्यासारखं वर्गाकडे पाहिलं.

बादलने हळूच त्याच्या रांगेत भुऱ्या सरकवला.

"आता किती झाले, नायकबाबा?"

नायकाची बोटं थांबली. त्याने दाराबाहेर पाहिलं. त्याच्यामागे आलेला भुऱ्या सावलीत घोरत होता.

"परत वाट," नायक म्हणाला.

चार डाव झाले. खेळ बंद करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शीला शाळेकडे निघाली, तर ओट्यावर गुलाबसिंग काठीच्या टोकाने कुत्र्याला ढोसत होता.

"ऊठ ना बाप्पा, भुऱ्या. नऊ नको होऊ, एक तरी हो. तेवढ्यानं माहे अठरा वाचते."