वायर लावून तयार राहा

रविवारी आमची जिल्ह्याची तलवारबाजीची स्पर्धा होती, नागपुरातच, एका इनडोअर हॉलमध्ये. रिपोर्टिंग आठला होतं. पहिली मॅच सव्वादहाला लागली... म्हणजे नेहमीसारखंच.

मी इपी खेळते. त्या तलवारीच्या टोकाला बटण असतं, ते समोरच्याला लागलं की मशीनवर लाइट लागतो. शाळा नववीत सुटली, हे मात्र सुरू राहिलं. आता हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते.

त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती आणि कंपनीची बस अडीचला चौकातून निघते. मुलींचं नॉकआउट कायम मुलांच्या नंतर. मागच्या वर्षी मी सकाळचे पूल, म्हणजे गटातल्या मॅच, खेळले आणि नॉकआउट न खेळताच बस पकडली. या वेळी एक तरी मॅच खेळून जायचं, एवढंच डोक्यात होतं.

पूल संपले साडेअकराला. मग मुलांचं नॉकआउट सुरू झालं... मी बसल्या बसल्या मोबाइलमध्ये वेळ बघत होते. मॅच सात मिनिटं आणि दोन मॅचच्या मध्ये दहा मिनिटं काहीच नाही.

कारण असं, की नाव पुकारल्यावर पोरं उठायची. मग बॉडी वायर शोधायची. ही वायर जॅकेटच्या बाहीतून घालून मागे मशीनला जोडतात, आणि एका क्लबकडे असतात फक्त तीन. ती कोणाच्या तरी बॅगेत सापडायची. मग तलवारीच्या टोकावर वजन ठेवून बटण तपासायचं, ते फेल झालं की दुसरी तलवार आणायला पळापळ.

आमच्या पॅकिंगच्या लाइनवर असं चालतच नाही. एका खोक्याला टेप लागते तोवर पुढचं खोकं उघडून तयार असतं. नाही तर सुपरवायझर काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

मग मी एका जुन्या पूल शीटच्या मागे लिहिलं. तीन नावं एकदम घ्या. एक खेळतोय, दुसरा वायर लावून, तलवार तपासून बाजूला उभा, तिसरा जॅकेट घालतोय. मॅच संपली की वायर बॅगेत न टाकता क्लबच्या पुढच्या खेळाडूच्या हातात द्या. आणि एका मिनिटात जो तयार नाही, तो बाद.

कागद आमच्या क्लबच्या सरांना नेऊन दिला. सर म्हणाले, "मले काहून देते? टेबलवरच्या मॅडमले दे ना. खाऊन नाही टाकत त्या तुले."

मॅडमनी वाचला. मला वाटलं, ठेवून देतील... तर त्यांनी नावं पुकारायची यादीच माझ्या हातात दिली. "बरोबर आहे तुझं. पण माझा गळा बसला सकाळपासून, तूच पुकार आता."

माइक बंद होता. मी पहिली तीन नावं वाचली, तर मलाच ऐकू आली नाहीत. मागून एक पोरगा ओरडला, "अवं ताई, मच्छर गुणगुणून राहिला का तिकडं?" सगळे हसले. मी कागदाकडे बघत पुन्हा वाचलं, थोडं जोरात.

पहिली दहा मिनिटं गोंधळच झाला. मग पोरांना सवय झाली. मधली दहा मिनिटं दोनवर आली, आणि एकच्या आत मुलींचं नॉकआउट सुरूही झालं. मॅच संपते न संपते तोच पुढची पोरगी वायर लावून उभी... बघायला बरं वाटत होतं.

आता गंमत. यादीत माझं नाव आलं, आणि ते मला पुकारताच येईना. दुसऱ्यांची नावं ओरडून सांगता येतात, पण स्वतःचं कसं ओरडणार? म्हटलं, मला तर माहीतच आहे... आणि सोडून दिलं. पुढची नावं पुकारण्यात विसरूनही गेले.

मॅच संपली. खेळायच्या पट्टीवर कन्हानची श्रुतिका तयार होऊन उभी. समोर कोणी नाही.

मॅडमनी यादी ओढून घेतली. "रोशनी कोण आहे?" मी हात वर केला. "तूच? नियम तुझाच आहे बाई. एक मिनिट देते, मोजून राहिली मी."

जॅकेट घातलं, पण वायर कुठाय? माझ्याच नियमाप्रमाणे आमच्या तिन्ही वायरी क्लबच्या दुसऱ्या पोरींच्या हातात गेलेल्या. मी नुसतीच उभी राहिले.

श्रुतिकानं मास्क काढला. तिला फक्त वाट बघायची होती, मॅच तशीच तिची झाली असती. तिनं आपल्या क्लबच्या पोरीला हाक मारली, "आपली तिसरी वायर आण वं, पटकन!" आणि ती माझ्या बाहीत स्वतः घालायला लागली. "हात ढिला सोड ना, लाकडासारखी काहून उभी राहिली? मले खेळायचं आहे. फुकटची मॅच घेऊन काय करू?"

तलवार तपासून झाली. मॅडमच्या घड्याळात मिनिट होऊन गेलं होतं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी पंधरा-अकरानं हरले. तिचा हात लांब आहे आणि माझा पाय मागे पडतो, हे मला आधीपासून माहीत आहे. पण अकरा वेळा माझा लाइट लागला. वायर परत केली, यादी मॅडमकडे दिली, आणि अडीचची बस मिळाली.

श्रुतिका, तू हे वाचत असशील तर थँक यू. तेव्हा तोंडातून निघालं नाही.

आणि पुढची स्पर्धा घेणाऱ्यांना एक सांगायचं आहे. तीन नावांची पद्धत चालते, नक्की ठेवा. फक्त जी पोरगी यादी वाचते, तिचं नाव दुसऱ्या कोणी तरी पुकारा... जोरात.