सगळ्या बिल्डिंगचा एकच नंबर

दुकानातले पॉइंट वेळेत वापरले नाहीत तर वाया जातात म्हणे. किश्शांचं तसं नाही. ते कितीही दिवस पडून राहिले तरी जात नाहीत, उलट दर वेळी सांगताना थोडे वाढूनच येतात!

आमची बिल्डिंग जुळे सोलापुरात. मी तळमजल्यावर, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गेटवर. त्यामुळं कोण पिशवीतून काय घेऊन आलं ते मला दिसतं. मी बघायला जात नाही, दिसतं. पिशवीच्या तोंडातून कोथिंबीर डोकावत असली की "कितीला जुडी?" एवढं विचारल्याशिवाय माणसाला वर कसं जाऊ द्यायचं? किस्से मग असेच जमत जातात.

* * *

सुरुवात कुलकर्णी सरांपासून करते, कारण कॅशबॅकचं वेड बिल्डिंगमध्ये त्यांनीच आणलं. सर गणिताचे, आता रिटायर. मोबाईलवरून पैसे दिले की स्क्रॅच कार्ड येतं, ते खरवडायचं आणि नशीब बघायचं, हे सरांना कुणीतरी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून सर गेटवर भाजीवाल्या मंगलकडं मेथीची एक पेंढी घ्यायचे आणि पैसे पाच तुकड्यांत द्यायचे. पाच वेळा दिले की कार्डं पाच!

मंगलकडं ते पैसे आल्यावर ओरडणारं यंत्र आहे. ते आपलं ओरडतंय, ओरडतंय. शेवटी मंगलनं हात जोडले. "सर, एकडाव द्या की ओ. एका पेंढीला ह्यो डबा पाच येळा वरडतोय. लोकांस्नी वाटाय लागलंय, मंगल लई कमावती."

सरांना त्या पाच कार्डांत मिळालं काय? कुत्र्याच्या खाण्यावर सूट. सरांकडं कुत्रं नाही. पण सूट वाया जाऊ नये म्हणून ते आठवडाभर कुत्रं पाळायचा विचार करत होते, हे कुलकर्णी बाईंनी मला जिन्यात सांगितलं.

* * *

आता रंजना वहिनींचं. कांबळे वहिनी, दुसरा मजला. त्यांच्या हातची कडक भाकरी म्हणजे अशी की पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. शुक्रवार पेठेतल्या एका चटणीवाल्यानं ती चाखली आणि म्हणाला, पाडव्यापासून रोज माल द्या, पण भाकरी अशीच पाहिजे.

इथंच घोडं अडलं. ज्वारीचं पीठ ताजं लागतं. दोन दिवस पडलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापतानाच कडेनं चिरते. आमच्याजवळचा गिरणीवाला तर गव्हावर ज्वारी दळतो, ज्वारीवर हरभरा दळतो. वहिनी डबा घेऊन लांबच्या गिरणीत जायच्या, तिथं लाइट गेलेली असायची. घरच्या घरी दळायला घरघंटीच पाहिजे होती. घ्यायची कुठून? भावजींचा सगळा पगार पोराच्या होस्टेलला जायचा.

एक दिवस वहिनींच्या पिशवीत मला एक घडी घातलेला कागद दिसला. कोपऱ्यावर जे मोठं मार्ट आहे, त्याची जाहिरात. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत कार्डावर अमुक इतके पॉइंट जमवा आणि घरघंटी न्या. मी विचारलं, हे काय ओ वहिनी? त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "उगं ठेवलाय. आमचा किराणा केवढा? ह्या वेगानं गेलो तर घरघंटी नातवालाच मिळंल." नातू सोडा, पोराचं अजून लग्नसुद्धा नाही.

मी तो कागद घेऊन थेट सरांकडं. सरांनी चष्मा लावला, हिशेब केला आणि निकाल दिला. पॉइंट घरोघरी विखुरलेत म्हणून कुणालाच काही मिळत नाही. मागच्या वर्षी सगळ्या बिल्डिंगला मिळून काय मिळालं होतं? कंगवे.

त्याच संध्याकाळी ठरलं. मार्टमध्ये कुणीही काहीही घेतलं तरी नंबर सांगायचा तो रंजना वहिनींचा!

* * *

नंबर पाठ करायचा म्हणजे परीक्षाच होती. मी पीठ मळताना म्हणायची. आमचे हे एसटीत क्लार्क होते. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, पण स्वतःचा मोबाईल नंबर आजतागायत आलेला नाही. मोबाईलसुद्धा चार्जिंगला लावतात आणि तिथंच विसरून जातात. पण वहिनींचा नंबर त्यांनी असा पाठ केला की झोपेत कूस बदलतानाही म्हणायचे. बायकोला हे ऐकून काय वाटावं, सांगा!

तिसऱ्या मजल्यावरच्या पद्मा अक्कांची वेगळीच तऱ्हा. त्यांचं सगळं आयुष्य विणकरांच्या पूर्व भागात मागाच्या खटखटाटात गेलं, आता मुलाबरोबर इथं राहतात. मराठी फर्डं बोलतात, पण आकडे फक्त तेलुगूत येतात. आम्हाला काळजी की काउंटरवर कसं होणार. तर काउंटरवरची पोरगी लक्ष्मी, तीही तेलुगू बोलणारी निघाली. अक्का गाण्यासारखा नंबर म्हणायच्या, ती टिपून घ्यायची, आणि मागं रांगेतली माणसं तोंड उघडं टाकून ऐकत राहायची.

* * *

मार्टच्या कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय माहीत, एका नंबरामागं अख्खी बिल्डिंग आहे? त्याला वाटलं ही सगळी एकच बाई. वहिनींच्या मोबाईलवर ऑफर यायला लागल्या. बाळाच्या लंगोटांवर सूट. कवळीच्या पावडरीवर सूट. दाढीच्या ब्लेडवर एकावर एक फ्री. कांबळे भावजी म्हणाले, हे कोण आहे बाबा, बाळंतीण आहे, दात नाहीत आणि दाढी करते!

लंगोट अक्कांच्या नातवाचे. ब्लेड आणि केसांचा काळा रंग आमच्या ह्यांचा. हे डोकं काळंभोर करतात आणि मिशा तशाच पांढऱ्या ठेवतात, का तर रंगानं ओठ खाजतो. मग एक दिवस मेसेज आला, 'तुमच्या आवडत्या गुलाबजाम मिक्सवर खास सवलत.' आता हे कुणाचं? सगळ्यांनी हात वर केले. मी मात्र बघितलं, मेसेज वाचत असताना सर छताकडं बघत होते. सरांना साखरेचा त्रास, बाईंनी घरात गुळाचा खडा ठेवलेला नाही.

मी कुणाला बोलले नाही. फक्त बाईंना.

* * *

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका दुपारी आमचे हे नवी कोरी निळी बादली घेऊन आले. चेहऱ्यावर असं तेज, जणू लॉटरी लागली. म्हणाले, "फुकट मिळाली."

विचारलं तर म्हणे, काउंटरवर लक्ष्मी नव्हती, कुणी नवीन पोरगा होता. त्यानं विचारलं, काका, पॉइंट वापरू का? हे म्हणाले, "वापरा की, ठेवून काय लोणचं घालायचंय?"

घरघंटीला साठवलेल्या पॉइंटांची बादली आली होती ओ!

आणि तोपर्यंत ह्यांनी ती भरून झाडांना पाणीसुद्धा घातलं होतं. मी बादली पदरानं पुसली आणि तशीच मार्टमध्ये गेले. मॅनेजरनं आत बोट फिरवलं. म्हणाला, काकू, ही वापरलेली आहे, ओली आहे. मी म्हटलं, "गळते का बघायला नको? गळकी निघाली असती तर परत कुणी घेतली असती?"

त्यानं बादली उलटी करून बघितली. मग हळूच म्हणाला, गळत नाही ना, मग परत कशाला करताय? आता काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. भाकरी, विरी, चटणीवाला, पाडवा, सगळं. मागच्या रांगेतल्या दोन बायका रडवेल्या झाल्या. मॅनेजरनं पॉइंट परत फिरवले आणि शेवटी विचारलं, भाकरी कुठं मिळंल म्हणालात?

* * *

आता शेवटच्या दिवसाचं.

पॉइंट भरले होते. वहिनींनी दुपारी जाऊन घरघंटी आणायची, एवढंच राहिलं होतं. आमच्या ह्यांना बादलीचं मनाला लागलेलं. नव्या घंटीत पहिली ज्वारी आपल्याकडची पडली पाहिजे म्हणून ते सकाळच्याच गाडीनं केमला गेले. तिथं त्यांची चुलत बहीण असते, तिच्या शेतात ज्वारीची नुकतीच मळणी झाली होती. मोबाईल कुठं? घरी, चार्जिंगला.

इकडं मार्टमध्ये वहिनी आणि भावजी काउंटरवर उभे. सोबत अक्का. लक्ष्मीनं बटण दाबलं आणि सांगितलं, बादलीसारख्या छोट्या वस्तूला लागत नाही, पण घरघंटीला तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा की घरघंटी तुमची. वहिनी मोबाईल हातात धरून थांबल्या, आणि मोबाईल वाजला. नंबर अनोळखी.

"ताई, तुमचं मालक हितं केमच्या टेसनावर चक्कर यिऊन पडल्यात. पोतं उचलाय गेलं आणि बसलंच खाली. शुद्धीवर हायत, भिऊ नका. त्यांनीच ह्यो नंबर सांगितला."

वहिनींनी शेजारी बघितलं. मालक ट्रॉली धरून उभे. भावजी म्हणाले, "मी तर हितं हाय की."

वहिनींनी विचारलं, कसे दिसतात ओ ते?

"केस काळंभोर हायत बघा, आणि मिशा पांढऱ्याफेक."

वहिनी तशाच फिरल्या. लक्ष्मी मागून ओरडली, वहिनी, ओटीपी! संध्याकाळी स्कीम बंद होतीय! वहिनी म्हणाल्या, "राहू दे घरघंटी. आधी काकूंकडं जाऊ दे." भावजींनी गाडीला किक मारली आणि दोघं माझ्या दारात. मी खिडकीतच होते, पण त्या दिवशी "पिशवीत काय?" असं विचारायचं भान राहिलं नाही. वहिनींचा चेहरा बघूनच मी पायात चपला सरकवल्या.

सरांनी कार काढली. मी मागं, माझा हात वहिनींच्या हातात. मोहोळ मागं पडलं. तेवढ्यात वहिनींचा मोबाईल वाजला. अक्का! त्या काउंटर सोडून हललेल्याच नव्हत्या. मॅनेजरला म्हणाल्या होत्या, बाई येईपर्यंत मी हितंच बसते, दुकान बंद करायचं असलं तर माझ्यासकट करा. लक्ष्मीनं ओटीपी पुन्हा पाठवला होता.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांगा की ओ, बघता काय?"

वहिनींनी मराठीत आकडे सांगितले, तिकडं अक्कांनी ते तेलुगूत गायले, आणि लक्ष्मीनं दाबले. मग अक्का फोनमध्येच ओरडल्या, "आली, आली! तुझी घंटी आली गं!" सरांनी हायवेवर हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मला रडू येत होतं आणि हसूही.

केमला पोहोचलो तर स्टेशनजवळच्या दवाखान्यात हे कॉटवर, सलाइन लावलेलं, खाली ज्वारीचं पोतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ऊन आणि उपाशी पोट. थोड्या वेळानं घेऊन जा. माझा जीव भांड्यात पडला. टेबलापाशी एक नर्सताई केसपेपर भरायलेली. नाव विचारलं, ह्यांनी सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मोबाईल नंबर विचारला, तर ह्यांनी डोळे मिटूनच वहिनींचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

मी वाकून म्हटलं, "अहो, दवाखाना आहे हा. आपला नंबर सांगा."

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं उभ्या असलेल्या वहिनींकडं बघितलं, आणि नर्सताईला हळूच म्हणाले,

"तोच असू द्या ओ ताई. तेवढेच पॉइंट पडतील."