सगुणाबाईच्या पिंपळाची मुळी

पालमला विहाराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सिमेंटचे ब्लॉक बसवलेत, ते सिद्धोधन गवंड्याच्या हातचे. हा गडी लेव्हल लावायला बसला की जेवणसुद्धा विसरतो. तरी पिंपळाजवळचे दहा-बारा ब्लॉक दर वर्षी वर यायचेच. लोकांना काय, जिभेला हाड नाही. "सिद्धोधनराव, तुमचं काम तर उठून चालायलंय की!" तो कसनुसा हसायचा, ब्लॉक काढून, माती खरवडून पुन्हा बसवायचा. मुळीला मात्र कुऱ्हाड लावायचा नाही.

कारण त्या पिंपळाखाली त्याची आई होती. अठरा वर्षांपूर्वी सगुणाबाई वारली, तेव्हा त्यानं राख नदीत सोडली नाही. खड्ड्यात घालून वर बोधिवृक्षाचं रोप लावलं. रस्ता तेव्हा मातीचा होता. गवंडी असून या बाबानं पिंपळ लावला तो रस्त्यापासून हातभर अंतरावर! पण दुःखात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

ब्लॉक उचलला की खाली मुळी दिसायची आणि त्याला वाटायचं, आई कूस बदलायलीय. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा यायचा. हे त्यानं मलाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

गेल्या वर्षी सगुणाबाईची मैत्रीण मालनबाई तिथं ठेचकाळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सिद्धोधन तिच्या खाटेपाशी जाऊन बसला.

"मावशी, चूक माही हाय. मुळी तोडायला पायजे व्हती. आईवर हात उचलंना."

मालनबाई कण्हतच कडाडली, "सगुणा असती तर तुलाच आधी झोडपलं असतं! उद्या दुसरं कोनी पडंल. तोड ती."

दुसऱ्या दिवशी त्यानं तोडली. मांडीएवढी जाड होती. हात चिकानं भरले, ते तो बराच वेळ धूत बसला होता. झाड तगलं. ब्लॉक असे बसले की त्यावर ठेवलेली गोटी हलू नये. लोकांनी पहिल्यांदाच त्याचं काम वाखाणलं, आणि त्याला ते ऐकवेना.

आता वर्ष झालं. तो रोज सकाळी चप्पल हातात घेऊन त्या ब्लॉकवरून अनवाणी चालतो. परवा बायकोनं, बबितानं, हटकलंच.

"काय धुंडायलाव ओ?"

"एकांदा तरी उचललाय का, बघायलोय."

एकही उचललेला नव्हता. तो तिथंच मटकन बसला आणि भर रस्त्यात रडायला लागला.

"दरसाल यायची गं," तो म्हणाला. "औंदा आलीच न्हाई."